जाड करण्याआधी दुमडून बघता का? (पातळ, लवचीक वस्तूंनी सोडवलेल्या अडचणी)

रातांबा
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षीपासून हा प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुडाळजवळ आमची रातांब्याची (कोकमाची) पन्नासेक झाडं आहेत. एप्रिल-मेमध्ये रातांबे फोडायचे, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात पसरायची, संध्याकाळी परत रसात, सकाळी परत उन्हात. असे पाच-सात पुट बसले की सोलं तयार होतात. खळ्यात त्यासाठी १२ फूट लांब, ४ फूट रुंद बांबूची माची आहे. मे महिन्यात दुपारी तीननंतर आभाळ कधी भरून येईल याचा नेम नसतो. वळवाची एक सर चारपाच दिवसांची मेहनत धुऊन नेते.

गेल्या वर्षी लोखंडी अँगलची चौकट करून तिच्यावर पॉलिकार्बोनेटचा पत्रा बसवून घेतला. झाकण दणकट झालं, पण वजन भरलं २४ किलो. उचलायला दोन माणसं लागतात आणि नेमकी सर येते तेव्हा घरात आई एकटी असते. साठी ओलांडलेली बाई ते झाकण कशी उचलणार?

मग एकदा भेळ खाताना हातातल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याकडे लक्ष गेलं. सपाट धरला तर लुळा. अंगठा आणि दोन बोटांनी जरासा वाकवला की तोच तुकडा चमचा होतो आणि भेळ उचलतो. त्यात वजनाची काही भर पडलेली नसते, फक्त आकार बदललेला असतो. तेव्हापासून वाटतंय की अडचण आली की आपण घाईघाईने वस्तू जाड करतो. आधी ती पातळच ठेवून दुमडून, वाकवून, ताणून बघायला हवी.

तुम्ही असं काही केलंय का? पाहिलंय का? आणि माझ्या माचीसाठी काही सुचत असेल तर अवश्य सांगा.

भाकरतुकडा
वाचतोय. भेळेचा उल्लेख आल्यामुळे आता खाली जाऊन येतो, मग सविस्तर.

पत्रेकाम
अगदी माझ्या रोजच्या कामाचा विषय काढलात. पिंपरीत २२ वर्षं पत्र्याचं काम करतोय. नवीन पोरं आली की पहिली चूक हीच करतात. डक्टचा पत्रा डबडबला की म्हणतात, "मामा, जाड गेजचा लावू या." मी त्यांना पत्र्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन हलक्या मुरडी मारायला लावतो, फुलीसारख्या. डबडब तिथल्या तिथे बंद.

जुनी पत्र्याची ट्रंक आठवा. झाकणावर उठावाच्या पट्ट्या असतात, कडा आत मुडपलेल्या असतात. त्या शोभेच्या नाहीत. त्या काढल्या तर वर कोणी बसल्यावर झाकण पिचकेल. छपराच्या पन्हळी पत्र्याचंही तेच. लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनियरने १८२९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. साधा लोखंडी पत्रा लाटांसारखा वाकवला आणि मधे खांब न घालता मोठ्या शेडवर चढवला. आज आपल्या प्रत्येक गावात तो आहे.

तुमचं झाकण जड झालं कारण चौकट लोखंडाची आहे. पत्र्यालाच कडा मुडपून दिल्या असत्या तर चौकटीची गरज निम्मी झाली असती.

त्रिज्या
पत्रेकाम दादांच्या म्हणण्यामागचं गणित सांगते, शिक्षिका असल्यामुळे राहवत नाही.

सपाट पट्टीची जाडी दुप्पट केली की वजन दुप्पट होतं आणि वाकण्याला होणारा विरोध आठपट. ऐकायला फायद्याचं वाटतं. पण तोच कागद पंख्यासारखा घड्या घालून दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवला, तर वजन तेवढंच राहून विरोध शेकडो पटींनी वाढतो, कारण मधल्या रेषेपासून कागद वर-खाली लांब गेलेला असतो. वर्गात मी नेहमी करून दाखवते. सपाट ए-फोर कागद पेन्सिलीच्या वजनाने खाली येतो आणि घड्या घातलेला कंपासपेटी पेलतो. मुलं दर वेळी पुढे सरकून बघतात.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. वस्तू जितकी पातळ, तितकी ती न मोडता जास्त वाकते. वाकवताना बाहेरच्या बाजूला पडणारा ताण जाडीच्या प्रमाणात असतो. अख्खा बांबू वाकवायला गेलात तर तडकेल, त्याचीच कामटी काढलीत तर धनुष्य होईल. पतंग करणाऱ्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही.

सुईदोरा
त्रिज्याताई, तुमच्या प्रतिसादात एक मोदक घालू का?

सपाट गोल पारी हातावर घेतली की ती आपोआप वाटीसारखी होत नाही. मधे खळगा केला की कडेचं पीठ जास्त व्हायला लागतं आणि ते जास्तीचं पीठ कुठेतरी जायला हवं. आपण ते कळ्यांमध्ये घेतो. चिमटीत धरून एकेक कळी काढत गेलं की सपाटाचा घुमट होतो, आणि त्या कळ्यांमुळेच उकडायच्या आधीही मोदक उभा राहतो. कमी कळ्यांचा मोदक बसतो, ओळीने काढलेल्या बारीक कळ्यांचा ताठ राहतो. आजी म्हणायची, "कळी पडली नाही तर मोदक पडतो."

शिवणकामात आम्ही हेच टक्स आणि चुण्यांनी करतो. कापड सपाट आणि अंग गोल, त्यामुळे जास्तीचं कापड कुठे घ्यायचं हा एकच प्रश्न असतो.

त्रिज्या
@सुईदोरा, काय सुरेख उदाहरण दिलंत! उद्या वर्गात हेच सांगणार. कागद एका दिशेने वाकतो, एकाच वेळी दोन दिशांनी वाकायला तयार होत नाही. म्हणूनच भेळेचा पुठ्ठा आडवा वाकवला की उभा वाकत नाही आणि चमचा होतो. दोन्ही दिशांनी वाकवायचाच असेल तर कळ्या घाला, नाहीतर जास्तीचं कापून टाका.

भाकरतुकडा
भेळ खाऊन आलो तर धाग्यात मोदक. हा धागा उपाशीपोटी वाचू नये अशी सूचना वर टाका.

पत्रेकाम
"कापून टाका" वरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाला जखमी पायांसाठी खपच्या (पाय हलू नये म्हणून बांधायचे आधार) हव्या होत्या. धातूच्या खपच्या हादऱ्याने थरथरायच्या आणि जखमेला त्रास व्हायचा. चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याने १९४२ च्या सुमारास लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवून, साच्यात दाबून पायाच्या आकाराची खपची केली. पापुद्रा दोन दिशांनी वाकेना, तेव्हा त्यांनी ताण पडतो तिथे भोकं आणि चिरा ठेवल्या. त्याच भोकांतून मलमपट्टीचा पट्टा ओवता आला. दीड लाखाच्या आसपास खपच्या तयार झाल्या. पुढे त्यांच्या वाकवलेल्या प्लायवुडच्या खुर्च्या गाजल्या, त्यांचा पाया हाच.

मला त्या भोकांचं फार अप्रूप वाटतं. अडचण होती तिथेच सोय करून ठेवली.

शंकासुर
सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो.

पातळ वस्तूंचं कौतुक ठीक आहे, पण आपल्याकडे पातळ म्हणजे बहुतेक वेळा टाकाऊ असतं. गच्चीवर मी हिरवी जाळी ताणली होती. पहिल्याच जूनमध्ये रात्रभर फडफडली आणि सकाळी चिंध्या. शांपूच्या बाटलीचं झाकण चार महिन्यांत बिजागरीपाशी तुटतं. शेतात मल्चिंगचा (जमीन झाकायचा प्लास्टिकचा) पातळ कागद इतका फाटतो की मातीतून वेचता येत नाही, माझ्या भावाच्या शेतात अजून तुकडे निघतात. कोकणातला पाऊस आणि वारा लक्षात घेता रातांबा यांनी लोखंडच वापरावं, फक्त झाकणाला चाकं किंवा बिजागऱ्या लावाव्यात. हलकं करण्याच्या नादात दरवर्षी नवीन प्लास्टिक घ्यायची वेळ येऊ नये.

त्रिज्या
@शंकासुर, मल्चिंगच्या कागदाबद्दल पूर्ण सहमत. पण जाळी पातळ होती म्हणून फाटली असं मला वाटत नाही, ढिली होती म्हणून फाटली असावी. वाऱ्यात फडफडताना एकाच जागी ती हजारो वेळा वाकली. तार मागेपुढे वाकवून तोडतो तसंच. पातळ वस्तू घट्ट ताणलेली असावी नाहीतर पक्की दुमडलेली असावी.

फ्राय ओटो या जर्मन वास्तुकाराने आयुष्यभर हेच काम केलं. तारेची चौकट साबणाच्या पाण्यात बुडवून जो पडदा तयार होतो, त्याच्यावरून तो तंबूंचे आकार शोधायचा. साबणाचा पडदा सगळीकडे सारखाच ताणलेला असतो, त्यामुळे कुठे चुणी नाही, कुठे ढिलेपणा नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या मैदानांवरचं ते लाटांसारखं पारदर्शक छप्पर करण्यात त्याचा मोठा हात होता. त्याचे तंबू बघा, सपाट भाग सापडणार नाही. एका दिशेला वर वक्र, दुसऱ्या दिशेला खाली वक्र, घोड्याच्या खोगिरासारखे. अशा आकाराला वारा खालून उचलायला गेला की एका दिशेचे धागे धरतात, वरून दाबायला गेला की दुसऱ्या दिशेचे.

माळावरचा
ताई बरोबर बोलल्या. ऊसतोडीला वीस हंगाम गेलोय, कोपी (झोपडी) घालण्यात आयुष्य गेलं. नवशिक्या माणूस ताडपत्री सपाट बांधतो. रात्री पाऊस आला की तिला पोट सुटतं, पाणी साचतं आणि सगळी अंगावर येते. बांबू वाकवून कमान करायची, वरून ताडपत्री टाकायची आणि दोन्ही टोकांना खेचायची.

अजून एक. ताडपत्रीच्या भोकांना दोरी बांधू नका, भोक फाटतं. कडेजवळ आतून लिंबाएवढा गुळगुळीत गोटा धरायचा, ताडपत्री त्याच्यावर गुंडाळून मुंडी करायची आणि मुंडीखाली दोरी आवळायची. ओढ सगळ्या चुण्यांत वाटली जाते. आमची एक ताडपत्री सहा हंगाम टिकली, भोकं केव्हाच गेली होती.

शंकासुर
@माळावरचा, गोट्याची युक्ती मनापासून आवडली. या पावसाळ्यात गच्चीवर करून बघतो. त्रिज्याताईंचं "ढिली सोडू नका" हेही पटलं. टिकाऊपणाबद्दलची माझी शंका मात्र कायम आहे.

उत्तरायण
टिकाऊपणावरून लिहितो. २००१ च्या भूकंपानंतर काही महिने कामानिमित्त कच्छमध्ये होतो. तिथे भुजला जपानी वास्तुकार शिगेरु बान यांनी कागदाच्या नळ्यांची घरं उभी केली होती. कापडाचे किंवा कागदाचे मोठे रोल ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळतात, तशा नळ्या उभ्या करून भिंती केल्या होत्या. १९९५ मध्ये कोबेच्या भूकंपानंतर त्यांनी अशीच घरं केली होती. तिथे पाया म्हणून बिअरचे प्लास्टिक क्रेट वाळूच्या पिशव्या भरून वापरले. भुजला क्रेट मिळेनात, तर पडलेल्या घरांचा राडारोडाच पाया म्हणून भरला आणि वर मातीची जमीन सारवली. छपराला चिरलेल्या बांबूच्या कमानी होत्या, त्यांच्यावर चटई, मग पारदर्शक ताडपत्री, मग परत चटई. आत शिरलं की थंड वाटायचं.

आणि टिकण्याचं म्हणाल तर कोबेला त्यांनी कागदी नळ्यांचं चर्च बांधलं होतं ते दहा वर्षं वापरात होतं. २००५ मध्ये ते सुटं करून तैवानला नेलं आणि तिथे २००८ मध्ये परत उभं केलं. कागदाचं घर मोडून, गुंडाळून, समुद्रापलीकडे जाऊन पुन्हा उभं राहिलं. काँक्रीटला हे जमेल का?

रातांबा
@उत्तरायण, चटई, ताडपत्री, चटई! अहो, हे तर इरलं झालं!

माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. लावणीच्या वेळी आमच्याकडे बायका डोक्यावरून पाठीवर इरलं घेत. बांबूच्या बारीक बेतांची दोन जाळीदार पाखं विणायची, दोन्हींच्या मधे पळसाची किंवा कुंभ्याची पानं एकावर एक चढवून दाबायची आणि कडा बांधून टाकायच्या. पाठ वाकवली की इरलं पाठीबरोबर कमानीसारखं राहतं, पाणी मागे ओघळतं आणि दोन्ही हात मोकळे. एकटं पान फाटतं, एकटी जाळी गळते. दोन्ही मिळून आख्खा आषाढ निभावतो. आजीचं इरलं अजून माळ्यावर आहे. धागा काढताना ते कसं आठवलं नाही याचंच आश्चर्य वाटतंय.

सुईदोरा
इरलं, द्रोण, पत्रावळ. आपल्याकडे पानांनी किती कामं केली आहेत! द्रोण लावताना पान किंचित कोमेजलेलं लागतं. अगदी ताजं असेल तर ते उसळी मारून उघडतं, वाळलेलं असेल तर मोडतं. बांबूची बारीक चोय टोचून घडी धरून ठेवायची. घडी धरली गेली की त्यात गरम वरणही राहतं.

फळा_खडू
जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली फोल्डस्कोपची. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये तयार केलेला कागदाचा सूक्ष्मदर्शक, २०१४ मध्ये जाहीर झाला. सपाट कागदातून भाग कापायचे, घड्या घालायच्या आणि इवलंसं भिंग बसवायचं. कच्च्या मालाचा खर्च एका डॉलरच्या आत ठेवायचा असं उद्दिष्ट होतं. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे नेमकं दिसण्यासाठी फिरवायचा स्क्रू नाही. कागद जरासा वाकवला की भिंग आणि काचपट्टी यांच्यातलं अंतर बदलतं. कागदाचा लुळेपणाच इथे कामाला आला. विहिरीच्या पाण्याचा थेंब आमच्या सातवीच्या मुलीने त्यातून पाहिला आणि दहा मिनिटं डोळा काढला नाही.

त्याच गटाने २०१७ मध्ये कागदाची चकती आणि दोरा घेऊन रक्तातले घटक वेगळे करणारं यंत्र केलं. आपण लहानपणी बटणाच्या दोन भोकांतून दोरा ओवून दोन्ही हातांनी ताणत-सोडत गरगर फिरवायचो, तेच. त्यांनी मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत वेग गाठला. वजन २ ग्रॅम, वीज नको.

दुसरी गोष्ट अरविंद गुप्ता सरांची. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतलं त्यांचं काम अनेकांना माहीत असेल. १९७८ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात असताना त्यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांची जोडणी सुरू केली. सेंटिमीटरभर ट्यूब कापायची आणि दोन्ही बाजूंनी काड्या खुपसायच्या. रबर वाकतं म्हणून कोन हवा तसा होतो. मुलं चौकोन करतात, तो लगेच कलंडतो. त्रिकोण करतात, तो हलत नाही. खिळा नाही, डिंक नाही. रातांबा, तुमच्या बांबूंच्या सांध्यांना असंच रबर वापरता येईल का बघा.

अंतराळी
बंगळुरूहून. पोटापाण्यासाठी उपग्रहांचे उघडणारे-मिटणारे भाग करतो. घरी मराठी वाचायला मिळावं म्हणून इथे येतो आणि आज धागाच माझ्या कामाचा निघाला.

आमच्याकडे जाड करणं हा पर्याय जवळपास नसतोच. प्रत्येक ग्रॅमचा हिशेब असतो आणि सगळं रॉकेटच्या टोकात मावायला हवं. जपानच्या कोर्यो मिउरा यांनी १९७० च्या सुमारास एक घडी शोधली, समांतरभुज चौकोनांची वेडीवाकडी नक्षी. तशी घडी घातलेला नकाशा समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढला की एका ओढीत अख्खा उघडतो आणि ढकलला की मिटतो. कुठली घडी आधी, कुठली नंतर हा घोळ नाही. १९९५ मध्ये जपानच्या स्पेस फ्लायर युनिटवर अशा घडीचं पॅनेल अंतराळात उघडून पाहिलं गेलं. २०१० मध्ये त्यांच्याच इकारोस यानाचं १४ मीटर बाजूचं शीड उघडलं, जाडी ७.५ मायक्रॉन. त्याला काठ्या नव्हत्या. यान स्वतःभोवती फिरवलं आणि बाहेरच्या ओढीने शीड ताणलं गेलं. जेम्स वेब दुर्बिणीची छत्री टेनिसच्या मैदानाएवढी, पाच पदरी, सूर्याकडचा पदर ०.०५ मिलिमीटर आणि बाकीचे त्याच्या निम्मे. २०२२ च्या जानेवारीत ती ताणली जात होती तेव्हा ऑफिसात आम्ही कोणी जागचं हललो नव्हतो.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग देतो. सुताराची स्टीलची टेप खोलगट बाजू वर ठेवून आडवी बाहेर काढत जा. बरीच लांब जाईपर्यंत सरळ राहते. आता उलटी करा, खोलगट बाजू खाली. खूप आधीच मोडल्यासारखी खाली पडते. पट्टी तीच, जाडी तीच. पहिल्या वेळी तिच्या दोन्ही कडा ताणल्या जातात, दुसऱ्या वेळी दाबल्या जातात, आणि पातळ कडेला दाब सहन होत नाही, ती लगेच सुरकुतते. पातळ वस्तूबरोबर काम करायचं तर दाब कुठे आणि ओढ कुठे हे आधी ओळखायचं, एवढंच आमच्या धंद्याचं मर्म आहे.

पत्रेकाम
टेप काढली, उलटी केली. दुकानातली तिन्ही पोरं आता टेपा काढून बसली आहेत, काम थांबलंय. पण काय पटलं म्हणून सांगू!

भाकरतुकडा
आमच्याकडे दोन टेपा उघडल्या, एक मुलाने घेतली, एक बायकोने. तिची जास्त लांब गेली.

माळावरचा
रातांबा भाऊ, तुमच्या माचीचं राहून जातंय. माझं ऐका. बांबूच्या सात कामट्या काढा, माचीवर कमानी करा, वर ताडपत्री. पण कमानी एका जागी रोवू नका, सरकत्या ठेवा. पेटीचा भाता कसा उघडतो-मिटतो? तसं. ऊन असेल तेव्हा सगळ्या एका टोकाला गोळा, सर आली की एकाच माणसाने ओढायचं.

अंतराळी
माळावरचा काका, आम्ही सहा महिने बैठका घेऊन अशा निष्कर्षाला येतो.

रातांबा, यात भर घालतो. कमानींच्या मधल्या भागात ताडपत्री किंचित अरुंद कापा. लांबीच्या दिशेने ओढलीत की दोन कमानींमध्ये ती आपोआप खोगिरासारखी होईल, त्रिज्याताई म्हणाल्या तशी. मग पाणीही साचणार नाही आणि फडफडही होणार नाही.

त्रिज्या
हिशेब करून दिला. कामटी ७ फूट लांब आणि तिची दोन्ही टोकं ५ फूट अंतरावर धरली, तर मधे सुमारे २ फूट उंच कमान होते. कामटी ६ मिलिमीटर जाड ठेवली तर ताण अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो, बांबू आरामात सोसेल. १२ मिलिमीटर ठेवलीत तर दुप्पट, तिथे गाठीपाशी तडकायची भीती. म्हणजे इथे जाड कामटी लवकर मोडेल!

रातांबा
सगळ्यांचे मनापासून आभार. पुठ्ठा आणि झाडूच्या हिरांचा छोटा नमुना केला, भात्यासारखा उघडतो. आता खरा करायला घेतो. जमलं की कळवतो.

रातांबा
पाच आठवड्यांनी परत आलोय.

माचीच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसीचे १२ फुटी पाइप आडवे बांधले. त्यांच्यापेक्षा मोठ्या पाइपाचे इंचभर रुंदीचे तुकडे कापून १४ कड्या केल्या, त्या पाइपावर सरकतात. सात कामट्यांची टोकं त्या कड्यांना बांधली. आधी लोखंडी कड्या वापरल्या होत्या, पण रातांब्याचा आंबट रस आणि मीठ लागून दोन आठवड्यांत त्या गंजल्या आणि अडकायला लागल्या. कड्या आणि कामट्या बांधायला फळा_खडू सरांचं ऐकून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरल्या. तिथे जी हालचाल हवी ती रबर करू देतं. ताडपत्री मधे मधे दोन-दोन इंच अरुंद कापली, टोकांना माळावरचा काकांचे गोटे.

सगळं मिळून वजन सव्वाचार किलो. २४ वरून सव्वाचार!

परवा दुपारी पावणेचारला आभाळ गडगडलं. मी कुडाळला बाजारात होतो. घरी फोन केला तर आई म्हणाली, "कधीचा ओढून झाला. चाय पितंय." तेवढं ऐकून बाजारात उभ्या उभ्याच डोळे भरून आले.

एक दोष राहिला. टोकाची बाजू उघडी असल्यामुळे वारा आत शिरतो आणि शेवटची कमान वर उचलली जाते. काल एका झोतात चार-पाच सोलं भिजली. टोक पूर्ण बंद केलं तर आत वाफ धरते, आणि सोलांना वाफ चालत नाही. त्यावर काय करावं?

शंकासुर
अभिनंदन. लोखंड वापरा म्हटलं होतं ते मागे घेतो. ताडपत्री किती हंगाम जाते ते मात्र दरवर्षी इथे लिहा.

माळावरचा
टोकाला ताडपत्री लावू नका. इरल्यासारखी विणलेली चटई लोंबती ठेवा, खाली गोट्याचं वजन. वारा अडतो, वाफ निघून जाते.

सुईदोरा
आणि चटईची वरची कड कमानीला शिवताना कळ्या घाला, म्हणजे कमानीच्या गोलाईला नीट बसेल.

पत्रेकाम
बांबू कधीचा आहे? कोवळा असेल तर पुढच्या वर्षी भुंगा लागेल. तीन वर्षांवरचा पक्का बांबू घ्या, कामट्या काढायच्या आधी वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवा.

रातांबा
बांबू परसातलाच आहे, चौथ्या वर्षाचा. बुडवून ठेवला नव्हता. पुढच्या सात कामट्यांचा बांबू आजच तोडून ओहोळात दगडाखाली दाबून आलो. चटईसाठी आजीचं इरलं माळ्यावरून खाली काढलंय. वीण बघून घेतो आणि आईलाच विचारतो, तिला येते.